ग्राँ गिन्योल आणि आजचे भयपट: नेमके नाते कोणते?

प्रश्न

भयपटांविषयी वाचताना ‘ग्राँ गिन्योल’ हे नाव वारंवार भेटते आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘बीभत्स रक्तपात’ एवढाच घेतलेला असतो. पॅरिसच्या पिगाल भागातील एका जुन्या प्रार्थनागृहात ऑस्कार मेतेनिए यांनी १८९७ मध्ये या नावाचे नाट्यगृह सुरू केले. पुढच्याच वर्षी ते माक्स मोरे यांच्या हाती गेले आणि त्यांच्या काळात भयनाट्य ही त्याची ओळख ठरली. तीनशेहूनही कमी आसनांच्या या नाट्यगृहाने चित्रपटाला रक्तापलीकडे काही दिले का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

माझ्या मते ग्राँ गिन्योलची खरी देणगी रक्त नसून विलंब आहे. प्रेक्षकाला काय घडणार हे आधी कळू द्यायचे आणि मग ते घडण्याची वाट पाहायला लावायचे, हे तंत्र तिथल्या नाटककारांनी फार बारकाईने घासूनपुसून तयार केले होते. तिथले प्रमुख नाटककार आंद्रे द लोर्द यांनी शार्ल फोले यांच्यासह विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले टेलिफोनवरचे छोटे नाटक याचा उत्तम दाखला आहे. आडबाजूच्या घरात कुटुंबाला ठेवून नायक दूर गेलेला असतो आणि घरात शिरलेल्या मारेकऱ्यांचा हल्ला त्याला फक्त टेलिफोनवरून ऐकू येतो. त्या वेळी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ना घर असते, ना मारेकरी. असतो तो केवळ रिसीव्हर कानाला लावलेला, काहीही करू न शकणारा माणूस.

हेच कथानक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ मध्ये ‘द लोनली व्हिला’ या लघुपटात वापरले, आणि दोन्ही माध्यमांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो. चित्रपटाला घर आणि वाट या दोन्ही जागा आलटून पालटून दाखवता येत होत्या, म्हणून ग्रिफिथ यांनी पतीला घराकडे धाव घ्यायला लावले आणि कुटुंब वाचवले. ताण वाढला, पण मूळ नाटकातली असहायता गेली. पुढे अनेक दिग्दर्शक बंद दाराकडे, पलीकडच्या आवाजाकडे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पुन्हा वळले, ते मला मूळ नाटकाकडे परतणे वाटते.

प्रतिसाद २

वरील मुद्दा मान्य आहे, पण रक्ताला इतके गौण ठरवू नये. प्रेक्षक रंगमंचापासून हाताच्या अंतरावर बसलेले असत, त्यामुळे नकली सुरीच्या पात्यात दडलेली रक्ताची नळी किंवा मुठीत मागे सरकणारे पाते जरा चुकले तरी सगळा प्रयोग हास्यास्पद झाला असता. ग्लिसरीन आणि किरमिजी रंग यांपासून केलेले रक्त ताजे वाटावे लागे आणि नंतर ते साकळल्यासारखे दिसावे लागे. क्षण, कोन आणि हातचलाखी यांचा हा मेळ म्हणजे आजच्या विशेष दृश्यपरिणामांची एक खरीखुरी कार्यशाळाच होती. रंगमंचावर असंख्य वेळा ‘मारल्या गेलेल्या’ अभिनेत्री पॉला माक्सा यांची कीर्ती या कारागिरीवर आणि त्यांच्या आवाजाच्या ताकदीवर उभी होती.

आणखी एक गोष्ट. एका संध्याकाळी अनेक एकांकिका होत आणि भयाच्या नाटकाशेजारी प्रहसन ठेवले जाई. गरम आणि गार पाण्याचे आलटून पालटून घेतलेले स्नान अशी त्या रचनेला उपमा दिली जात असे. भीषण प्रसंगाच्या आधी हलकासा विनोद ठेवून प्रेक्षकाला सैलावू द्यायचे, ही आजच्या भयपटांची सवय त्याच रचनेशी जवळचे नाते सांगते.

प्रतिसाद ३

या नाट्यगृहात भुतांना फारसे स्थान नव्हते, याकडेही लक्ष द्यावे. तिथले भय वेडेपणा, सूड, रोग आणि विज्ञानाच्या नावाखाली केलेले अत्याचार यांतून येई. बुद्धिमापन चाचणीमुळे ओळखले जाणारे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी द लोर्द यांच्यासह काही नाटके लिहिली, हे त्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. जॉर्ज फ्रांझू यांच्या १९६० च्या ‘आईज विदाउट अ फेस’मधला शल्यविशारद, जो मुलीला नवा चेहरा देण्यासाठी दुसऱ्या तरुणींचे चेहरे काढतो, त्याच परंपरेतला मला दिसतो. किल्ले आणि रक्तपिपासू यांचा वारसा मात्र गॉथिक कादंबरीकडे जातो. सर्वच भयपटांचे मूळ पिगालमध्ये शोधू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. टेलिफोनच्या नाटकाची माहिती माझ्यासाठी अगदी नवी होती. परंपरा इतकी समृद्ध होती, तर नाट्यगृह बंद का पडले?

प्रतिसाद १

शेवटचे संचालक शार्ल नोनाँ यांनी त्याचे कारण दुसऱ्या महायुद्धात शोधले: बुखेनवाल्डसारख्या छळछावण्या जगाला कळल्यानंतर रंगमंचावरची कल्पित क्रूरता त्यांच्यापुढे टिकू शकली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते, पण चित्रपटाची स्पर्धा हेही एक कारण मानावे लागेल. कॅमेरा जखमेच्या जितका जवळ जाऊ शकतो, तितके जवळ पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही जाता येत नव्हते. नाट्यगृह १९६२ मध्ये बंद झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत हर्शेल गॉर्डन लुईस यांचा रक्तपात उघडपणे दाखवणारा ‘ब्लड फीस्ट’ हा भयपट रंगीत पडद्यावर आला.