मदत हवी आहे : ईश्वर आहे की नाही, हे प्रामाणिकपणे शोधायचे तर कसे शोधावे?

नमस्कार मंडळी,

आस्तिक विरुद्ध नास्तिक असा सामना लावायचा हेतू नाही, खरोखर मदत हवी आहे. ईश्वर आहे की नाही हे मला जाणून घ्यायचे आहे आणि उत्तर कोणतेही आले तरी ते स्वीकारायची माझी तयारी आहे. अडचण अशी की शोधाची जी जी वाट समोर येते, तिच्यात उत्तर आधीच गृहीत धरलेले दिसते.

आधी युक्तिवाद वाचले. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, म्हणतात, जग हे कार्य (घडवलेली गोष्ट) आहे, कार्याला कर्ता लागतो, म्हणून जगालाही कर्ता आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ही बाजू फार ताकदीने लढवली आहे. पण रामानुजाचार्यांसारखे भक्त आचार्यच ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात सांगतात की अनुमानाने, म्हणजे तर्काने, ईश्वर सिद्ध होत नाही, तिथे शास्त्र हेच प्रमाण. युरोपात जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही १७८१ साली ईश्वरसिद्धीचे तार्किक पुरावे अपुरे ठरवले, आणि तो काही ईश्वराचा विरोधक नव्हता. बरे, शब्दप्रमाण, म्हणजे शास्त्राचा शब्द हाच पुरावा, मानावे तर कोणाचा शब्द? मीमांसक (वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) वेद शिरोधार्य मानतात, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत!

प्रयोगांचेही तेच. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्यांमध्ये, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्के. यावरून ईश्वर नाही असे मी म्हणणार नाही. ज्याला स्वतःची इच्छा आहे असे मानायचे, त्याने संशोधकांच्या वेळापत्रकानुसार उत्तर द्यावे ही अपेक्षाच मला पटत नाही. पण मग कोणता निकाल आला असता तर फरक पडला असता?

उरला स्वतःचा अनुभव, आणि खरी अडले आहे ती इथेच. साधना करणारे म्हणतात, आधी श्रद्धा ठेव. श्रद्धा ठेवून बसले तर जे जाणवेल त्याला श्रद्धेचाच रंग असणार. न ठेवता बसले आणि काहीच जाणवले नाही, तर दोष माझ्या भक्तिभावाला लागणार. म्हणजे 'नाही' हे उत्तर मिळायची सोयच नाही.

ज्यांनी दीर्घकाळ साधना केली आहे त्यांना विचारते : तुमच्या अनुभवात असे काय होते जे मनाने स्वतः रचले नसते? आणि साधना करून शेवटी 'नाही' या निष्कर्षाला जे आले, ते कशावरून आले? दोन्ही बाजूंचे ऐकायचे आहे.

प्रतिसाद

तुमची कोंडी समजते, पण सुरुवातीलाच खात्री लागते असे नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँथनी केनी आधी कॅथलिक धर्मगुरू होते, पुढे अज्ञेयवादी झाले. ईश्वर आहे की नाही हे ठाऊक नसतानाही प्रार्थना करण्यात अविचार नाही, असे त्यांचे म्हणणे. 'असशील तर मला कळू दे' एवढेच म्हणा. त्यात खोटे काही नाही.

दुसरे, अनुभव खरा की खोटा हे त्याच्या आत बसून ठरत नाही. नैयायिकांचे उदाहरण आठवा : दूर पाणी दिसले, ते खरे पाणी की मृगजळ हे जवळ जाऊन तहान भागते का यावरून कळते. मात्र मनःशांतीलाच ते फळ समजू नका. जैन आणि बौद्ध साधक जगाचा कर्ता न मानताही शांत होतात. शांतीवरून साधनेचा गुण कळेल, ईश्वराचे असणे नाही.

माझे विचाराल तर माझा कल 'आहे' कडे झुकला, तो नको असलेल्या गोष्टीमुळे. ज्या माणसाशी मी संबंध तोडले होते, त्याच्याकडे जा, हेच प्रार्थनेत पुन्हापुन्हा समोर येई. मी टाळत राहिलो, ते येत राहिले. मन सोयीचे तेच रचते म्हणावे, तर ही गैरसोय कुठून आली? कोणी म्हणेल, ती तुमची सदसद्विवेकबुद्धी. हे मला खोडता येत नाही. तरी त्या वेळी समोर कोणीतरी आहे असे जे वाटले, ते स्वतःशीच बोलण्यासारखे नव्हते.

धागालेखिका

मनापासून आभार. गैरसोयीचे विचार अपराधी भावनेतूनही येतात, त्यामुळे ती खूण मला अजून पुरेशी वाटत नाही. पण 'असशील तर' हे मला प्रामाणिकपणे म्हणता येईल, आणि म्हणणार आहे.

आता पुढचा प्रश्न. कॅनडाचे तत्त्वज्ञ शेलेनबर्ग यांनी १९९३ मध्ये मांडले की प्रेमळ ईश्वर असता तर मनापासून नाते जोडू पाहणाऱ्याला त्याने संशयात राहू दिले नसते. म्हणजे ईश्वराकडून काहीच उत्तर न येणे, ही शांतताच 'नाही'चा पुरावा. हे तुम्हाला पटते का? पटत नसेल तर किती काळ विचारत राहावे, आणि शांततेला कधी उत्तर मानावे? साधना सोडून 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी अजून कोणी लिहिलेले नाही. त्यांनीही जरूर लिहावे.