तेच ते रोज बजावून केबिन क्रू सुरक्षित राहतो का?

मनीषनगरची
साडेसहा वर्षं केबिन क्रू होते, आता नागपुरातच या क्षेत्रात जाणाऱ्या मुलींना शिकवते. (अजूनही ‘हवाई सुंदरी’ म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.) काल एकीने विचारलं, "मॅम, रोज ड्यूटीआधी एवढ्या सूचना वाचून खरंच काही होतं का?" वर्गात पुस्तकी उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र मनगटाकडे लक्ष गेलं.

तिथे भाजल्याचा डाग आहे. पहाटेची फ्लाइट, मागची गॅली (विमानातलं छोटं स्वयंपाकघर), ओव्हनमधून गरम जेवण काढत होते. ओव्हनचे हातमोजे विमानात एकच जोडी, ती पुढच्या गॅलीत. मग काय, नॅपकिनची घडी घातली आणि ट्रे ओढला. विमान जरासं हललं आणि ट्रेची कड मनगटाला चिकटली. उतरून रीतसर रिपोर्ट भरला. चार दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. पहिला प्रश्न, "मोजे घातले होते का?" दुसरा, "त्या सूचनेवर तुमची सही आहे ना?" सही होतीच. पहाटे साडेतीनला कॅबमध्ये पेंगत पेंगत टॅबवर टिक करायचो आम्ही सगळ्याच. मोज्यांची दुसरी जोडी काही आली नाही. नवीन सूचना आली: ओव्हन हाताळताना मोजे वापरा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या सूचना क्रूला वाचवायला नसतात, उद्या क्रूवर बोट दाखवता यावं म्हणून असतात. पटत नसेल तर भांडा.

लेओव्हर_नागपूर
भांडतो. नऊ वर्षं उडतोय, अजून उडतोच आहे.

ताई, डाग खरा, पण त्यावरून काढलेलं मत चुकीचं. दाराचं बघा. ए३२० विमानाचं दार आर्म असताना, म्हणजे संकटात उतरायची घसरगुंडी (स्लाइड) दाराला जोडलेली असताना, आतून उघडलं की स्लाइड बाहेर येऊन काही सेकंदांत फुगते. खाली शिडीजवळ कोणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही. एकदा दिवसातलं चौथं लँडिंग होतं, डोळ्यांत झोप. लिव्हर ‘डिसआर्म’वर करून लाल फितीची पिन लावली असं मला अगदी स्पष्ट आठवत होतं. हँडल किंचित उचललं आणि पांढरा दिवा लागला. म्हणजे दार आर्मच होतं! हात तिथल्या तिथे थांबला. मी हुशार म्हणून नाही. ‘किंचित उचल, दिवा बघ, मग उघड’ हे हजारदा कानीकपाळी ओरडलेलं होतं म्हणून. जी पिन आठवत होती ती आधीच्या लँडिंगची.

टेकऑफच्या वेळी जंपसीटवर (दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या खुर्चीवर) बसून आम्ही अर्धा मिनिट मनात उजळणी करतो, तीही अशीच. माझं दार कोणतं, बाहेर आग दिसली तर कोणतं, मदतीला कोणाला हाक मारायची. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली. आठपैकी तीनच दारं वापरता आली. क्रूने मेगाफोनवर आणि घसा फोडून ओरडत विमान रिकामं केलं. सगळेच्या सगळे ३७९ जण जिवंत बाहेर. त्या क्षणी कोणी नवीन विचार करत नसतं, घोकलेलंच कामी येतं.

वऱ्हाडी_काका
आमच्या घरी बी हेच चालू असते. बायको तीस वर्षांपासून इचारून राहिली, "गॅस बंद केला काय?" मले राग येते. पण ती माहेरी गेली तवा कुकर जाळला मीच!

हसण्यावारी नका नेऊ. १ जुलै २०२३ ले समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याले जाणारी ट्रॅव्हल्स पेटली, २५ माणसं गेली. मी त्याच रस्त्यानं पोराकडे जातो. आजवर एकाही बसमधी कोनं सांगितलं नाही का मागची खिडकी कशी उघडते अन् काच फोडाची हातोडी कुठं हाय. इमानात ती पोरगी हातवारे करून दाखवते अन् आपन मोबाइलमधी डोकं घालून बसतो. मी तर म्हनतो, बजावा बाप्पा, दहादा बजावा.

बुटीबोरी_सेफ्टी
काका, प्रवाशांना सांगणं वेगळं आणि कामगाराला बजावणं वेगळं. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

मी कारखान्यात सेफ्टी बघतो. आमच्या जुन्या प्रेसवर ‘हात आत घालू नये’ अशी पाटी होती, तरी बोटं जायचीच. मग दोन बटणांची मशीन आली. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. पाटी कुठे गेली कोणाला आठवतही नाही. आमच्या धंद्यातला क्रम असा: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर मशीन बदला, मग कामाची पद्धत बदला. पाटी आणि हातमोजे शेवटी. विमान कंपन्या शेवटून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. वर मोजे एकच जोडी!

लेओव्हर_नागपूर
दादा, तुमची प्रेस जमिनीला बोल्टने जखडलेली असते. २१ मे २०२४ ला सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवरून जाताना ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली गेलं. बेल्ट न लावलेले छताला आपटले. स्वच्छ हवेतले झटके तर रडारवर दिसतही नाहीत. तिथे कुठलं दोन बटणांचं मशीन लावणार? बेल्टचा दिवा लागला की हातातलं टाकून बस, एवढंच आपल्या हाती असतं.

बुटीबोरी_सेफ्टी
उदाहरण तुम्हीच दिलंत, तर पुढचंही सांगा ना. त्यानंतर लगेच सिंगापूर एअरलाइन्सने बेल्टचा दिवा चालू असताना जेवण देणंही थांबवलं. आधी फक्त गरम पेयं थांबायची. कोरियन एअरने त्याच वर्षी लांबच्या फ्लाइटवर इकॉनॉमीत उकळत्या पाण्याचे नूडल्स बंद केले, लोक भाजतात म्हणून. ‘नूडल्स सांभाळून द्या’ अशी सूचना काढून सह्या नाही घेतल्या. आकाश बदलता येत नसेल, मेनू तर बदलता येतो.

धरमपेठची_आई
माझी लेक क्रूमध्ये आहे. सर्दी झाली, नाक बंद असेल तर उडू नका, कानाचा पडदा फाटू शकतो, हे तिला पाठ आहे. गेल्या हिवाळ्यात नाक गच्च असताना गेली. का? तर बेसिक पगार थोडा, बाकी सगळं उडालेल्या तासांवर. महिन्यात दोनदा आजारी पडलं की वरचे कपाळाला आठ्या घालतात, ते वेगळंच. परत आली तेव्हा दोन दिवस डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मी काळजीने ओरडले तर म्हणते, "आई, नियम मला माहीत आहे गं." आता यात सूचना कमी पडली की अजून काही, ते तुम्ही अनुभवी लोक ठरवा.

मनीषनगरची
काकू, याला माझ्याकडे उत्तर नाही. मीही अशीच गेले आहे.

लेओव्हर, दाराचं मान्य. ते मीही मुलींकडून रोज म्हणवून घेते. माझा राग दाराच्या सूचनेवर नाहीच. त्याच टॅबवर, त्याच अक्षरात, त्याच सहीखाली नेलपॉलिशची शेड, या महिन्यात सँडविच किती विकायचे, मोजे वापरा आणि दार तपासा, सगळं एका रांगेत येतं. पहाटे साडेतीनला डोळा कुठे थांबणार? जीव वाचवणारी ओळ आणि लिपस्टिकची ओळ सारखीच दिसायला लागली की दोन्हीवर टिक होते.

लेओव्हर_नागपूर
आज ड्यूटीवर जाताना मोजल्या. अकरा सूचना. दारांची एक, पॉवर बँकची एक, गणवेशाच्या चार, बाकी विक्रीच्या. दाराची नवव्या नंबरवर.

आणि मागच्या गॅलीत जाऊन मोजेही बघितले. एकच जोडी, त्यातला डावा अंगठ्याजवळ फाटका. रिपोर्ट टाकलाय. उत्तर आलं की इथे लिहितो.