मदत हवी आहे: ॲनिमे बघताना डोक्यातला परीक्षक गप्प कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूर भागातला. अडचण ऐकून हसाल, पण यावरून आत्तेभावाशी बोलणं तुटायची पाळी आलीय.

तो खानापूरचा. शनिवारी रात्री मुक्कामाला येतो, मध्ये कुंदा ठेवून आम्ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघतो. शाळेपासूनची सवय. बिघडलं ते मी ‘हे बनवतात कसं’ वाचायला लागल्यापासून. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांनी 1963 साली ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणताना खर्च वाचवायला एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. ती काटकसर अजून चालते. आता पात्र रडायला लागलं की मला दिसतं ते एवढंच: चेहरा जागच्या जागी, नुसते ओठ हलतायत. ‘नारुतो’त कथा रेंगाळली की मी लगेच सांगणार, मालिका मूळ मांगाला (ज्या जपानी चित्रकथेवरून ती बनते तिला) गाठायला आली म्हणून हे भरताड. (फिलरला ‘भरताड’ हा शब्द आमच्या घरचा.)

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा युद्धात होरपळलेल्या भावंडांचा चित्रपट बघताना तर कहर. हा आणि ‘माय नेबर टोटोरो’ 1988 साली जपानात एकाच दिवशी लागले, हे मी रंगात येऊन सांगतोय, आणि बाजूला भाऊ डोळे पुसतोय!

खरं भांडण ‘अटॅक ऑन टायटन’वरून. (बघितली नसेल तर हा परिच्छेद सोडा.) गोष्टीतली माणसं राक्षसांच्या भीतीनं उंच भिंतीआड राहतात. भिंतीपलीकडेही माणसंच आहेत आणि तिथं त्यांच्याच वंशाच्या एल्डियन लोकांना दंडावर पट्टी बांधून वेगळ्या वस्तीत कोंडलंय, हे कळतं तिथं मी थांबवलं. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं हवीत यावरचे वाद बघत वाढलोय आपण, मला राहवेना. नाझींनी ज्यूंनाही अशाच पट्ट्या लावून कोंडलं होतं, त्या छळाच्या खुणा गोष्टीत अशा वापराव्यात का, लेखक सूडाच्या बाजूचा का, बोलतच सुटलो. भाऊ म्हणाला, “तिथं पण सीमाप्रश्न काढलास? गप लढाई बघ की मर्दा!” त्यानंतर दोन शनिवार तो आलेला नाही. बस चुकली म्हणतो.

विचार करणं मला सोडायचं नाही. भावाला अक्कल नाही असंही नाही. दोन्ही कसं जमवता?

प्रतिसाद १:
आधी रिमोट भावाकडे द्या. मी हौशी नाटकवाला, एकांकिका स्पर्धांत वाढलेला. परीक्षक प्रयोग चालू असताना कागदावर एखादा शब्द टिपतो, बोलतो पडदा पडल्यावर. तुम्ही प्रयोगातच उठून उभे राहताय. आणि ती काटकसर दोष म्हणून का मोजता? इथं वाचवलेली चित्रं पुढं एखाद्या लढाईत ओततात. भाऊ ज्या लढाईला टाळ्या पिटतो तिथं चित्रं मोजून बघा. पट्टीचा मुद्दा मात्र सोडू नका, तो चहाला घ्या.

धागाकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं. वही आणली, भावाला फोनही केला. येतो म्हणाला, पण भाग तो निवडणार. लढाईचाच असणार.