उजनी मायनसमध्ये : पाणी सहाशे फूट मागे गेलं, सक्शन वाढवू की मोटर हलवू?

करमाळा_बॅकवॉटर :
उजनी धरण उणे ४० टक्क्यांवर आलंय. आमच्या बाजूला पाणी काठापासून सहाशे फूट आत सरकलंय. १० एचपीची मोनोब्लॉक (मोटर नि पंप एकत्र) जुन्याच जागी आहे, पाइप तीन इंची. सक्शन (पाण्यातून पंपापर्यंतचा पाइप) वाढवून भागेल का? आणि उणे ४० म्हणजे धरणात नक्की किती पाणी उरतं? ऊस पावसापर्यंत धरायचाय.

भीमाखोरे :
आधी हिशोब. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त ५३.५७ आणि त्याखालचा मृत ६३.६६. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, तो संपला की उणे सुरू. म्हणजे उणे ४० ला मृतसाठ्यातले २१.४ टीएमसी गेले, कागदावर ४२ उरले. प्रत्यक्षात कमी, कारण तळाशी चार दशकांचा गाळ बसलाय.
आणि उरलेलं पाणी मुख्यतः भीमेच्या जुन्या पात्रात आहे. तुमच्याकडचा उतार अगदी सपाट, त्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी काठ लांब पळतो. बाष्पीभवनही धरा. उन्हाळ्यात दिवसाला ७ मिमी उडालं, तरी चौरस किलोमीटरमागे ७० लाख लिटर जातात. आजच्या काठावर मोटर बसवू नका, पुढचे पंधरा दिवस डोळ्यासमोर ठेवून जागा निवडा.

पंप_फिटर :
दादा, सक्शन अजिबात वाढवू नका. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. कागदावर दहा मीटर दिसले तरी उन्हाळ्यातलं गरम पाणी, पाइपचं घर्षण नि फूटव्हॉल्व्ह (सक्शनच्या टोकाची झडप) धरून पाच मीटरच्या वर जाऊ नये. लांब आडवं सक्शन कुठेतरी हवा धरतंच. मग इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) खडखडतो, पाणी तुटतं आणि सील जळतं.
मोटर पाण्याजवळ न्या आणि डिलिव्हरी (पंपातून शेताकडे जाणारा पाइप) लांबवा. १० एचपीला सेकंदाला साधारण १२ लिटर धरले, तर सहाशे फूट तीन इंची पाइपमध्ये ११ मीटर हेड (पाणी चढवायची उंची) घर्षणातच जातं, चार इंचीत जेमतेम तीन. वाढीव तुकडा चार इंचीच टाका.

वायरमन_इंदापूर :
केबलकडे दुर्लक्ष झालं की मोटर जळते. १० एचपीला सुमारे १५ अँपिअर लागतात. ४ चौ. मिमी अॅल्युमिनियमवर सहाशे फुटांत तीसेक व्होल्ट पडतात, १० चौ. मिमीवर बारा-पंधरा. उन्हाळ्यात लाइनच ३६० व्होल्टला येते, तिथे हे तीस व्होल्ट जीवघेणे. स्टार्टर काठावरच उंच जागी ठेवा, अर्थिंग वेगळं करा. चिखलात जोड नको, एकसंध केबल घ्या.

करमाळा_बॅकवॉटर :
चर मारून पाणी मोटरीकडे आणलं तर?

पंप_फिटर :
चालेल, पण चराचा तळ आजच्या पाण्यापेक्षा किमान चार फूट खोल हवा, नाहीतर आठवड्यात कोरडा पडतो. गाळाच्या बाजू ढासळतात, म्हणून उतार मोकळा ठेवा. टोकाला खड्डा घेऊन सिमेंटची रिंग उतरवा. फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर टांगा, भोवती जाळी लावा. गाळाचं पाणी इंपेलर घासून टाकतं.

भीमाखोरे :
पाण्याचे तास कमी होणारच, टंचाईत पिण्याला पहिला हक्क असतो आणि उपसा पंपांची वीज कापली जाते. सरी आड सरी पाणी द्या, पाचट जाळू नका, सरीत पसरा. १०० लिटर पाण्यात युरिया नि म्युरेट ऑफ पोटॅश प्रत्येकी २ किलो घेऊन दर वीस दिवसांनी फवारा.

वायरमन_इंदापूर :
एक राहिलं. पाऊस सुरू झाला की दौंडचा विसर्ग (वरून उजनीत येणारं पाणी) रोज बघा. आकडा वाढायला लागला की त्याच दिवशी मेन बंद करून मोटर वर काढा. सपाट काठावर पाणी रात्रीतून खूप आत येतं. मोनोब्लॉक खाली फ्रेमला बोल्टने बसवा, म्हणजे ट्रॅक्टरने उचलून नेता येते.