ड्राय वॉटर मसाज मशीनचा कुणाला अनुभव आहे का? नाशिकमध्ये पॅकेज घेऊ का नको?

दिंडोरीचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी (घडातले दाटीचे मणी काढणं), सगळं मांडवाखाली मान वर करून हात वर धरून, मजूर वेळेवर मिळत नाहीत म्हणून मी आणि मंडळी दोघं दिवसदिवस तिथेच. यंदा मान आणि खवाटे असे धरलेत की रात्री कूस बदलताना जाग येते. गंगापूर रोडला एका जिममध्ये ते ड्राय वॉटर मसाजचं मशीन आलंय, १० मिनिटांची ट्रायल घेतली, खरं सांगतो घरी येईपर्यंत पाठ मोकळी मोकळी वाटत होती, झोपही लागली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी विरळणीत परत तेच. आता ते २० सेशनचं पॅकेज घ्या म्हणतात. घेऊ का? आणि आईलापण न्यायचं मनात आहे, वय ६८, शुगर आहे, तळपायाला मुंग्या येतात, गुडघे दुखतात. तिनं आयुष्यात कुणाकडून अंग चोळून घेतलं नाही, लाजते, इथे कपडे काढायचे नाहीत म्हणून वाटलं तिलाही जरा सुख मिळेल.

घाटातला_सायकलवाला:
दादा मी लांब राइड मारली की जातो. आत गरम पाण्याची टाकी असते, पंप नोझलमधून पाणी जोरात वर मारतो आणि ते रबरी पडद्याला खालून लागतं, आपण पडद्यावर झोपलेलो म्हणून कोरडेच राहतो. नोझल मानेपासून पायापर्यंत फिरतात, एकाच जागी थांबवतापण येतात. कसारा घाट चढून आल्यावर मांड्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात ना, तेव्हा मला फरक पडतो. पण उताणं झोपल्यावर मारा फक्त पाठीकडून, हात वर धरून छातीपुढचे स्नायू आखडलेत ते तसेच राहतात. पालथं झोपून बघा, आणि प्रेशर पहिल्या दिवशी कमीच ठेवा.

इंदिरानगरची_फिजिओ:
दादा, आधी आईंबद्दल, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. शुगर आणि तळपायाला मुंग्या म्हणजे नसांवर परिणाम झालेला असू शकतो. अशा पायाला गरम किती, दाब किती हे नीट कळत नाही, त्या "काही होत नाही रे" म्हणतील आणि कातडीला इजा झालेली असेल. डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय नेऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर कुणीच मसाज घेऊ नये, रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, उघडी जखम, ताजं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर असेल तरी नको, गरोदर बाई असेल किंवा पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारूनच.
तुमचं म्हणाल तर मशीननं आखडलेला स्नायू सैल होतो, शेकही मिळतो, पण तो आराम थोड्या वेळाचा. रोज आठ तास मान वर राहिली तर दहा मिनिटं त्याला पुरी पडणार नाहीत. अर्ध्या तासानं हात खाली घ्या, हनुवटी मागे ओढून पाच मोजा, दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे आवळा, असं पाच सहा वेळा. हातात मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

सिडको_आजी:
माझ्या मिस्टरांनी असंच पॅकेज घेतलं होतं, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत हे तिथे कुणी विचारलंसुद्धा नाही, मीच फॅमिली डॉक्टरांना विचारून बंद करवलं. पैसे परत मिळाले नाहीत, पण त्याहून जीव घाबरला तो वेगळाच. आधी विचारत नाहीत तिथे पाय ठेवू नका.

निफाडकर_वाय:
भाऊ मी नवीन प्लॉट वाय पद्धतीवर घेतला, म्हणजे वेलाला मांडवाऐवजी इंग्रजी Y सारखा आधार, घड छातीसमोर येतात, मान वर करावी लागत नाही, बायकांनी तर पहिल्याच सीझनला सांगितलं की खांदे भरून येत नाहीत. जुन्या मांडवाला लगेच जमणार नाही हे कळतं मला, पण उंची कमी पडणाऱ्याला पायाखाली छोटा पाट दे आणि विरळणी ते फवारणी अशी कामं अदलाबदल करत जा.

दिंडोरीचा_बागायतदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात हे लिहायचं राहून गेलं होतं, उद्याच दाखवून घेतो. पॅकेज घेत नाही, फार आखडलं तर एखादं सेशन घेईन. आईला त्या दिवशीच संध्याकाळी पाय दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी तळपायाला बारीक दोरा टेकवून बघितला, डाव्या अंगठ्याला तिला कळलाच नाही. मी समोरच उभा होतो. आता रोज रात्री मी तिचे पाय बघतो, हलक्या हातानं तेल लावतो, पहिल्या दिवशी नको नको म्हणाली, काल मात्र स्वतःहून पाय पुढे केला.