अँटिबायोटिकनं अ‍ॅलर्जी, ताकानं उतारा?

टिळकवाडीकर: ग्रुपवर सकाळपासून एकच पोस्ट फिरायली आहे: 'अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला की पोर जन्मभर शिंकणार, उतारा म्हणून रोज वाटीभर ताक.' दोन्ही अर्धवट. अ‍ॅलर्जीला लगाम घालणाऱ्या टी-रेग पेशी (रोगप्रतिकाराच्या पेशींतल्याच) वाढवतात त्या आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडिया नावाच्या जीवाणू. कोंडा-चोथा आंबवून त्या ब्युटिरेट हे आम्ल करतात, त्यानं टी-रेग वाढतात. आणि हवेत त्या वाढत नाहीत. त्या ताकात कुठून असणार? ताकातले लॅक्टोबॅसिलस पाहुणे, ताक थांबलं की थोड्या दिवसांत गायब. शिवाय औषध कुठलं, वय काय? २०१२ च्या प्रयोगात उंदरांच्या पिल्लांना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर दमा बळावला, मोठ्या उंदरांत नाही. स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनं पिल्लांतही फारसा फरक पडला नाही.

घाटमाथा: उंदीर पुरे झाले की ओ. बाळाला घरघर लागली की अँटिबायोटिक आधी, दम्याचं निदान वर्ष-दोन वर्षांनी. मग कशामुळे काय? २०१४ च्या स्वीडनच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तर लघवीच्या आणि त्वचेच्या संसर्गासाठी दिलेल्या औषधांचा दम्याशी संबंध उरलाच नाही.

गोळीवाला: दोघेही बरोबर, पण शिव्या दुकानदारालाच. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक औषध कायद्याच्या एच-१ यादीत, विक्रीचं रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अझिथ्रोमायसिन साध्या एच यादीत, चिठ्ठी त्यालाही लागतेच. गिऱ्हाईक म्हणतंय, 'सर्दी आहे, तीन गोळ्या द्या.' सर्दी विषाणूची! आणि शेवटच्या गोळीनंतरही अझिथ्रोमायसिन पेशींत कित्येक दिवस राहतं.

निपाणीचा जर्दा: आतडं राहू दे. आधी बांधावरचं काँग्रेस गवत काढा. सगळी अ‍ॅलर्जी त्याचीच.

टिळकवाडीकर: झालं, आली काँग्रेस! मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत चट्टे येतात ते त्या गवतातल्या पार्थेनिन या रसायनामुळे. तो टी-पेशींचा स्पर्शदाह, शिंका आणणाऱ्या आयजीई प्रतिपिंडाचा खेळ नव्हे. म्हणून शिंकांवरची सेट्रिझिन खाऊन चट्टा जात नाही. तपासायला पाठीवर ४८ तास पट्टी लागते, १५ मिनिटांची सुईची टोचणी नाही. परागानं शिंका येतात, ते प्रकरण वेगळं.

निपाणीचा जर्दा: म्हणजे काँग्रेसचीच की!

घाटमाथा: उपटायचं तर फुलाआधी, जमीन ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून. फुलल्यावर उपटाल तर पराग आणि बी दोन्ही उडवाल. एका झाडाला हजारोंनी बी. १९८४ मध्ये बंगळुरात सोडलेला मेक्सिकन भुंगा पाला खातो, पण पावसाळ्यातच. उन्हाळ्यात मातीत झोपतो.

निपाणीचा जर्दा: भुंगा सरकारी दिसतोय.

खानापूरची सून: आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती बुरशीनं काळ्या, त्यावर कुणी बोलत नाही. मिशिगनमध्ये उंदरांना पाच दिवस सेफोपेराझोन हे अँटिबायोटिक दिलं, एकदा कँडिडा ही बुरशी पाजली, मग नाकातून अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू (दुसऱ्या बुरशीची बी) सोडले. फुप्फुसात अ‍ॅलर्जी उठली. नुसत्या बीजाणूंनी तशी नाही. आता सांगा, घाटमाथा, उंदीर पुरे?

घाटमाथा: पुन्हा उंदीरच. पण हे उंदीर खानापूरचे वाटतात, एवढं मान्य.

गोळीवाला: आणि ताक?

टिळकवाडीकर: जेवणानंतर प्या. मुलाच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळही असू द्या, क्लॉस्ट्रिडियांना तेच लागतं. न्यूमोनियाला डॉक्टरनं दिलेलं अँटिबायोटिक मात्र ताकासाठी टाळू नका.

निपाणीचा जर्दा: आतड्याचं मागं घेतो. काँग्रेसचं नाही.