वरच्या दाढांना इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर दात) करायचंय पण आधी हाड भरा म्हणतायत, कोणी केलंय का?

हापूस_देवगड: नमस्कार मंडळी. बाबांच्या (वय ६१) उजवीकडच्या वरच्या शेवटच्या दोन दाढा पाच-सहा वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हा बघू नंतर म्हणून सोडून दिलं आणि आता एकाच बाजूने चावून चावून डावीकडचे पण दुखायला लागलेत. कवळी करून दिली होती, ती खिशात असते. आता एक डॉक्टर म्हणतात वर हाडच उरलं नाही, आधी सायनस लिफ्ट (सायनसचा पडदा वर उचलणं) करून बोन ग्राफ्ट म्हणजे बाहेरचं हाड भरू, सात-आठ महिने थांबू, मग स्क्रू. दुसरे म्हणतात कशाला एवढं, याच आठवड्यात बसवून देतो. बाबांना शुगर आहे. ग्राफ्टची खरंच गरज असते की बिल फुगवायचा प्रकार?

दातांचा_मिस्त्री: मी रत्नागिरीत प्रॅक्टिस करतो. तपासल्याशिवाय कोण बरोबर ते सांगणार नाही पण प्रकार समजून घ्या. वरच्या दाढांच्या बरोबर डोक्यावर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की तिथलं हाड खालून झिजतं आणि वरून सायनस खाली पसरत येतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी खार लागल्यासारखं, आणि पाच-सहा वर्षं म्हणजे बराच काळ झाला. खालच्या जबड्यात सायनस नसतो, त्यामुळे कोणाचं खाली झटपट झालं म्हणून तुलना करू नका.

दोघांनाही एकच विचारा, हाड उंचीला किती मिलिमीटर आहे? नेहमीच्या इम्प्लांटला साधारण ८ ते १० लागतं. ५-६ असेल तर बऱ्याचदा स्क्रूच्याच भोकातून सायनसचा पडदा हळूच वर ढकलून, थोडं ग्राफ्ट घालून त्याच वेळी स्क्रू बसतो. ३-४ च असेल तर बाजूने खिडकी पाडून भरावं लागतं आणि ६ ते ९ महिने वाट बघावी लागते. काही केसेसमध्ये ६ मिमीचे आखूड इम्प्लांट चालतात, ग्राफ्ट टळतो. आकडा न सांगता कोणी 'लगेच बसवतो' म्हणत असेल तर उठून या, आणि आकडा न दाखवता 'भरायलाच हवं' म्हणत असेल तरी उठून या. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करा, साध्या ओपीजीत (जबड्याच्या सपाट एक्स-रेत) हाडाची रुंदी कळतच नाही.

आणि सायनस लिफ्ट ही काही नवी टूम नाही, बॉईन आणि जेम्स यांनी १९८० सालीच हे छापलंय.

तुळशीमाळ: एक विचारू का, हे हाड येतं कुठून? आमच्याकडे माळ आहे म्हणून विचारते.

दातांचा_मिस्त्री: @तुळशीमाळ चांगलं विचारलंत, लोक नंतर कळल्यावर भडकतात. सर्रास वापरतात ते गाईबैलांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले दाणे. बोन बँकेतलं माणसाचं पण मिळतं, स्वतःच्याच हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागून काढता येतं (म्हणजे दुसरी जखम), आणि पूर्ण सिंथेटिक पण असतं. आधीच स्पष्ट सांगा, फॉर्मवर सही करताना नाव वाचा.

भंडारीण_मालवण: आधी मिशरी सोडूक सांग त्यांका! माझ्या सासऱ्यांनी ऐकूक नाय, ग्राफ्ट धरूक नाय, पैशे पाण्यात.

चुलीवरची_भाकरी: माझं गेल्या वर्षी झालंय, खिडकीवालं. दुखणं दाढ काढण्याइतपतच, गाल मात्र तीन दिवस कलिंगडासारखा. खरा जाच पुढे, दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने प्यायचं नाही, फुंकणीने चूल फुंकायची नाही. आत दाब वाढला की भरलेलं हलतं. माझा भाचा तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो, त्याला म्हटलं तुला कधी करावं लागलं तर धंदाच बंद बाबा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्याखाली जायचं नाही.

कोकणकन्या_एस५: ब्रिज का नाही करत? स्वस्तात पडतो.

दातांचा_मिस्त्री: @कोकणकन्या_एस५ ब्रिजला दोन्ही बाजूंना दात लागतो. शेवटच्या दोन्ही दाढा गेल्यात, मागे खांबच नाही तर साकव टाकणार कशावर?

सावंतवाडीचो_झील: देवगडहून गाडी करून बांबोळीला जा, गोवा डेंटल कॉलेजला दुसरं मत घ्या. एक अख्खा दिवस मोडतो पण तिथे स्क्रू विकायची घाई कोणाला नसते. आणि शुगरचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा) रिपोर्ट सोबत न्या, ७ च्या वर बराच असेल तर आधी तो खाली आणायला सांगतील, जखमही उशिरा भरते आणि पू व्हायची भीती.

हापूस_देवगड: सगळ्यांचे आभार. स्कॅन केला. ३.५ मिमी निघालं, एचबीए१सी ७.९. म्हणजे 'याच आठवड्यात' वाले बाद. बांबोळीला पण खिडकीवालंच करायला सांगितलं, आधी शुगर. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, मिशरीवर गप्प बसले, खर्चावर पण काही बोलले नाहीत. मग विचारतात, आरतीला शंख वाजवला तर चालेल का? डॉक्टर म्हणाले अजिबात नाही. आमच्या घरात शंख त्यांच्याशिवाय कोणी वाजवलेला नाही आणि यंदा पुतण्याच्या हातात द्यायला ते तयार नाहीत. म्हणून आता हाड भरायचं गणपती विसर्जन झाल्यावर, आणि स्क्रू आंब्याचा सीझन संपल्यावर जूनमध्ये. तोवर कवळी खिशातच.